कोंबडा कुणाला हाक मारतो

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. किती झाली ते विचारू नका. तेव्हा कित्येक डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती, एवढं सांगितलं की पुरे.

अशाच एका बिननावाच्या डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. घरं मोजून सात. पण सातही घरं एकमेकांपासून लांब, उतारावर पायरीपायरीनं बसलेली. सगळ्यात वरचं घर खिंडीच्या तोंडाखाली, सगळ्यात खालचं ओढ्याच्या काठाला. खिंड ओलांडली की वर मोठं पठार लागायचं. पठारावर गवत माणसाच्या कमरेएवढं वाढायचं, आणि पठाराच्या दोन बाजूंना सरळ तुटलेला कडा होता. वरून टाकलेला दगड खाली पोचल्याचा आवाज ऐकू यायचा नाही, इतका खोल.

वरून तिसऱ्या घरात हैबती राहायचा. त्याचा धंदा वाटाड्याचा. घाट उतरणारे व्यापारी, यात्रेकरू, राजाचे जासूद, सगळे त्याच्या मागून चालायचे. कुठल्या वळणावर पाणी आहे, कुठल्या दगडावर पाय ठेवायचा नाही, सगळं त्याला पाठ होतं. यात खोटं काहीच नव्हतं. पण त्या पाठ असण्याचा त्याला फार ताठा होता.

"मला वाट सांगणारा अजून जन्माला यायचाय," असं तो कुणालाही म्हणायचा.

हैबतीच्या बायकोचं नाव भिवरा. तिच्याकडे बारा कोंबड्या होत्या आणि एक तांबडा कोंबडा. भिवरा भांडी घासताना, अंगण सारवताना त्या कोंबड्यांशी बोलत असायची. त्या काही म्हणायच्या, ही काही उत्तर द्यायची.

हैबती घरी असला की वैतागायचा. "काय सारखी कचकच लावलीय यांनी! ना अर्थ, ना काही. आणि तू त्यांना उत्तरं देतेस."

"त्या बोलतात, म्हणून देते," भिवरा म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची.

तर एका वर्षी पावसाळा अर्ध्यावर आला असताना काही यात्रेकरू घाट उतरायला निघाले. सगळ्यात वरच्या घरातला म्हातारा कोंडाजी हैबतीला म्हणाला, "हैबती, पहिल्या वळणाचा काठ यंदा पाण्यानं पोकळ झालाय. मी परवाच पाहिलं. आतल्या अंगानं जा."

"तात्या, मी या वाटेवर डोळे मिटून चालतो," हैबती म्हणाला, आणि काठाकाठानंच गेला.

काठ ढासळला. हैबती तीन पुरुष खोल, खालच्या झुडपांत जाऊन पडला. जीव वाचला, पण उजव्या पायाचं हाड मांडीत मोडलं. यात्रेकरूंनीच त्याला घोंगडीत घालून घरी आणलं. हाडवैद्यानं पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "दिवाळीपर्यंत बाजेवरून उठायचं नाही. उठलास तर कायमचा बसशील."

झालं. ज्याच्या मागून माणसं चालायची, तो पाणी प्यायलासुद्धा दुसऱ्याच्या हाताची वाट बघू लागला.

पहिले काही दिवस हैबतीनं कुणाकडे पाहिलंच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. भिवरानं त्याला भरवलं, पुसलं, कूस बदलायला मदत केली, आणि मुकाट्यानं त्याची चिडचिड सोसली. पाऊस उघडला तशी तिनं शेजाऱ्यांच्या मदतीनं त्याची बाज अंगणातल्या फणसाखाली आणली. त्याच्या उशाशी कण्यांचं टोपलं ठेवलं.

"मी शेतावर असते," ती म्हणाली. "अधूनमधून चार कण्या टाकत जा त्यांना. तेवढंच माझं एक काम कमी होईल."

हैबतीला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्यानं मूठभर कण्या घेतल्या आणि अंगणात भिरकावल्या.

तांबडा कोंबडा त्याच्या अगदी जवळ होता. कण्या त्याच्या पायाशी पडल्या. हैबतीला वाटलं, आता हा सगळं एकटाच गट्ट करणार. पण तांबड्यानं एक कणी चोचीत उचलली, खाली टाकली, पुन्हा उचलली, पुन्हा टाकली, आणि घशातल्या घशात भराभर म्हणू लागला, "टुक टुक टुक टुक!"

परसातून, कुंपणाखालून, गोठ्यातून कोंबड्या धावत आल्या. तांबडा मागे सरकला. त्यांचं बरंचसं खाऊन झालं, तेव्हा कुठं त्यानं उरलेल्यातले चार दाणे टिपले.

हैबती बघत राहिला. त्या दुपारी भिवरा भाकरी घेऊन आली तेव्हा त्यानं विचारलं, "तू जेवलीस का?"

भिवराचा हात थांबला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण हा प्रश्न तिनं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "जेवेन की तुमचं झाल्यावर," ती म्हणाली.

"मग बस इथंच. दोघं जेवू."

त्या दिवसापासून हैबती कोंबड्यांकडे लक्ष देऊन बघू लागला. वाटाड्याचे डोळे आणि वाटाड्याचे कान. डोंगर वाचायला शिकलेल्या माणसाला अंगण वाचायला किती वेळ लागतो? पण गंमत अशी की त्याला वेळ लागला. कारण इथं तो शिकवणारा नव्हता, शिकणारा होता.

एकदा तांबडा मध्येच मान वाकडी करून एका डोळ्यानं आभाळाकडे बघायला लागला. मग त्यानं एकच लांब, बारीक, कापरा आवाज काढला. क्षणात सगळं अंगण गप्प. जी कोंबडी जिथं होती तिथं जमिनीला चिकटली. हैबतीनं वर पाहिलं तर पार उंचावर घार. हाताच्या नखाएवढी दिसत होती. त्याची नजर मोठी तिखट, पण त्याच्याआधी कोंबड्यानं ती हेरली होती.

दुसऱ्या वेळी आवाज निराळाच. तुटक, मोठा, घाईघाईचा. "कट-कट-कटाक! कट-कट-कटाक!" आता कोंबड्या दडल्या नाहीत. उलट माना उंच करून ताठ उभ्या राहिल्या आणि सगळ्या एका सुरात ओरडू लागल्या. हैबतीनं आभाळात बघितलं, काही नव्हतं. कुंपणाकडे बघितलं तर खालच्या फटीतून मुंगूस डोकं घालत होतं. आपल्याला सगळ्यांनी पाहिलंय हे कळल्यावर ते आल्या वाटेनं निघून गेलं.

"भिवरा," संध्याकाळी तो म्हणाला, "वरून येणाऱ्या संकटाला यांचा एक शब्द आहे, आणि खालून येणाऱ्याला दुसरा."

"इतकी वर्षं मी काय सांगत होते?" भिवरा हसून म्हणाली. मग तिनं त्याला आणखी एक गंमत दाखवली. तिची एक कवडी, ठिपक्यांची कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिचं टोपलं तिनं अलगद बाजेजवळ आणलं. "उद्या-परवा पिल्लं फुटतील. कान लावून ऐका."

हैबतीनं कान लावला. कोंबडी पोटातल्या पोटात काहीतरी पुटपुटत होती. आणि त्या पुटपुटीला अंड्याच्या आतून उत्तर येत होतं! बारीक, ओलं, सुईच्या टोकाएवढं. अजून जगही न बघितलेलं पिल्लू आईला सांगत होतं की मी आहे.

हैबतीनं बराच वेळ कान काढला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी का आलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

सगळ्यात जास्त त्याला आवडायला लागला तो अंडं घातल्यानंतरचा आरडाओरडा. काळी कोंबडी लांब गोठ्यामागच्या पेंढ्यात जाऊन अंडं घालायची. तोवर बाकीच्या चरत चरत कुठंतरी पुढं गेलेल्या असायच्या. अंडं घालून ती उठायची, इकडंतिकडं बघायची, आणि मोठ्यानं ओरडायला लागायची. आधी हैबतीला वाटायचं, हिला अंड्याची बढाई मारायचीय. पण बढाई मारणारं कुणी असं घाबरंघुबरं होऊन बघत नाही. ती विचारत होती, तुम्ही सगळे गेलात कुठं? मग लांबून तांबडा ओ द्यायचा. कधी कधी धावत येऊन तिला घेऊनही जायचा. तिचा आवाज लगेच खाली उतरायचा.

हैबतीला तो ओरडा इतका पाठ झाला की तो हुबेहूब काढायचा. तांबडा फसायचा आणि ओ द्यायचा. भिवरा पदर तोंडाला लावून हसायची. "वाटाड्याची कोंबडी झाली!" ती म्हणायची. हैबतीही हसायचा. त्या घरात इतकं हसू पूर्वी कधी नव्हतं.

पायाच्या ठणक्यानं त्याला पहाटे जाग यायची. अजून काही दिसत नसायचं, आणि खुराड्यात तांबडा पंख झटकायचा. मग त्याची बांग उठायची. लगेच वरच्या घरातून कोंडाजीच्या कोंबड्याची, शेवटाला फाटणारी. मग खालच्या घरांची, एकामागून एक. शेवटी ओढ्याकाठची, इतकी पुसट की श्वास रोखावा लागायचा. रोज पहिला तांबडाच. त्याच्याआधी कुणी आरवायचं धाडस करत नसे.

"हा रोज सूर्याला उठवतो की काय?" हैबतीनं एकदा कोंडाजीला विचारलं. म्हातारा सकाळी त्याच्या बाजेशी येऊन बसायचा. माझं ऐकलं नाहीस, असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

"सूर्याला कशाला उठवेल? तो काय याचा चाकर आहे?" कोंडाजी म्हणाला. "अंधारात कुणाला कुणी दिसत नाही. मग हा म्हणतो, रात्र सरली, मी इथं आहे, माझी माणसं इथं आहेत. तुम्ही आहात का? मग दुसरा म्हणतो, आहे. तिसरा म्हणतो, मीही आहे. एवढीच बांग असते बघ. आपण उठतो ते आपलं नशीब."

हैबतीनं मान हलवली. दुसऱ्या पहाटे सात बांगा ऐकताना त्यानं पहिल्यांदा मनातल्या मनात सातही घरांतल्या माणसांची नावं घेतली.

आश्विन आला. गवत पिवळं पडलं. दसरा झाल्यावर वाडीतल्या नऊ बायका भल्या सकाळी विळे आणि दोर घेऊन पठारावर गेल्या. छपरं शाकारायला गवत हवं होतं. भिवराही त्यांच्यात होती. ऊन लख्ख होतं, आभाळ निळं होतं.

आणि दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, ढग खाली उतरला.

धुकं म्हणावं तर धुकं कसलं! कापसाचा डोंगर अंगावर पडावा तसं. हैबतीला बाजेवरून फणसाचं खोडसुद्धा दिसेना. पठारावर अशा ढगात माणसाला स्वतःचा हात दिसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि दोन बाजूंना कडा.

वाडीतले पुरुष धावाधाव करू लागले. खालच्या घरचे मानाजी पाटील ढोल घेऊन आले. त्यांची सून वर होती. तिचं तान्हं घरी रडत होतं. ते खिंडीखाली उभे राहून जीव खाऊन ढोल बडवू लागले. बाकीचे नावं घेऊन हाका मारू लागले. दोघे मशाली पेटवून खिंडीच्या वर गेले आणि पन्नास पावलांत वाट चुकून कसेबसे परत आले.

कोंडाजी हैबतीकडे आला. "लेका, काहीतरी सांग."

हैबती कान देऊन ऐकत होता. ढोलाचा आवाज वर जात होता, कड्यापलीकडच्या डोंगरावर आपटत होता आणि भलत्याच बाजूनं परत येत होता. हाकांचंही तेच. "तात्या, त्यांना ढोल थांबवायला सांगा," तो एकदम म्हणाला. "हाकाही थांबवा. कड्याकडून आवाज परत येतोय. त्या आवाजाच्या रोखानं चालल्या तर सरळ खाली जातील!"

"मग त्यांना कळणार कसं, घर कुठं ते?"

हैबतीनं खुराड्याकडे पाहिलं. धुकं आल्यानं कोंबड्या कधीच आत जाऊन बसल्या होत्या.

"मला खिंडीत न्या," तो म्हणाला. "आणि माझा तांबडा बरोबर द्या. बाकीच्या सहा घरांचे कोंबडे आपापल्या अंगणात बाहेर काढून ठेवा."

चौघांनी बाज खांद्यावर घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुढं चाललेला हैबती दुसऱ्यांच्या खांद्यावरून खिंड चढला. प्रत्येक धक्क्याला पायातून कळ जात होती. तांबडा त्याच्या कुशीत घोंगडीत गुंडाळलेला होता. वाटेत तो चारही जणांना म्हणत राहिला, "सांभाळून रे. इथं डावीकडे दगड आहे. तुमचे उपकार आहेत माझ्यावर." असले शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते.

खिंडीच्या तोंडाशी मानाजी पाटील ढोल बडवतच होते. घामानं निथळत होते.

"पाटील, ढोल ठेवा."

"वेडा झालास का? तिथं आमची पोर आहे!"

"माझी बायको आहे तिथं," हैबती म्हणाला. "ढोल त्यांना घर दाखवत नाही, कडा दाखवतोय. मला थोडा वेळ द्या. तुमच्या पाया पडतो."

हैबती पाया पडतो म्हणतोय, हे ऐकूनच पाटलांच्या हातातली टिपरी थांबली. "मग काय करणार तू?"

"हा आरवेल. याची बांग ढोलासारखी घुमत नाही, सरळ कानात जाते."

"कोंबडा? अरे, कोंबड्याच्या आरवण्यावर माणसं घरी येतात का?"

"रोज येतो आपण पाटील. झोपेतून," कोंडाजी हळूच म्हणाला. "करू द्या त्याला."

हाकाही थांबल्या. हैबतीनं घोंगडी उलगडली आणि तांबड्याला दगडावर ठेवलं. अंधारातून उजेडात आला की कोंबडा आरवतो, असा त्याचा हिशेब होता. पण त्या पांढऱ्या धुक्यात उजेड होताच कुठं? तांबडा अंग चोरून बसला. त्याच्या कोंबड्या खाली, तो इथं अनोळखी दगडावर. त्यानं मान पिसांत घातली.

हैबतीनं त्याला थोपटलं, पंखांवरून हात फिरवला, कण्या दाखवल्या. काही उपयोग झाला नाही.

"बघितलंत?" कुणीतरी म्हणालं. पाटलांनी पुन्हा टिपरी उचलली.

तेव्हा हैबतीच्या मनात आलं, हा हुकमावर कसा आरवेल? हा कधी कुणाच्या हुकमावर आरवला? हा ओ देतो. कुणी हरवलंय म्हणून विचारलं, तर हा ओ देतो.

त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले. वाडीतले सगळे कर्ते पुरुष भोवती उभे होते. त्यांच्या देखत, घाटमाथ्यावर ज्याच्या नावाचा दबदबा होता तो वाटाड्या, पेंढ्यात मागे राहिलेल्या कोंबडीसारखा ओरडला. "कुठं आहात? कुठं आहात? मी एकटी राहिले!" कोंबडीच्या बोलीत जे शब्द असतील ते. एकदा, दोनदा, तीनदा. नाटक त्यात राहिलंच नव्हतं. त्याचं माणूस खरंच हरवलं होतं.

कुणी हसलं नाही.

तांबड्यानं पिसांतून मान काढली. एका डोळ्यानं हैबतीकडे बघितलं. मग तो उभा राहिला, पंख झटकले, मान ताणली, आणि त्या ढगाच्या पोटात त्याची खणखणीत बांग घुसली.

क्षणभर काहीच नाही. मग खालून कोंडाजीच्या कोंबड्यानं उत्तर दिलं, शेवटाला फाटलेलं. मग त्याच्या खालच्यानं. मग त्याच्या खालच्यानं. ओढ्याकाठच्याची बांग पार तळातून, दोऱ्यासारखी बारीक आली. तांबड्यानं आपल्या वाडीचा आवाज ओळखला आणि तो पुन्हा आरवला. आता त्याला थोपटायची गरज नव्हती. हैबती मधूनमधून कोंबडीसारखा ओरडे, तांबडा आरवे, आणि खालची रांग उत्तर देई.

किती वेळ गेला कोण जाणे. पाटील ढोलावर डोकं टेकून बसले होते. हैबतीचा आवाज बसला. तरी तो थांबला नाही.

आणि मग धुक्यातून एका बाईचा आवाज आला. "तांबड्या! अरे माझ्या तांबड्या!"

"भिवरा!" हैबती ओरडला, पण घशातून नुसती हवा निघाली.

आधी विळ्याची मूठ दिसली, मग हात, मग भिवराचा चेहरा, भिजलेला आणि पांढरा पडलेला. तिच्या कमरेला गवताचा दोर बांधलेला होता. त्या दोराला धरून मागून दुसरी बाई आली, तिसरी आली. कोंडाजी मोठ्यानं मोजत होता. सात. आठ. शेवटची पाटलांची सून. नऊ!

पाटलांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"आम्ही ढोलाच्या आवाजावर चाललो होतो," भिवरा धापा टाकत सांगू लागली. "समोरून येत होता. मला वाटलं, आलीच खिंड. माझ्या पायाखालून एक दगड निसटला. मी वाट बघत राहिले, तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही. तिथंच सगळ्यांना बसवलं. पुढं जायची छाती होईना, मागं कुठं जायचं कळेना. आणि मग ढोल थांबला, आणि मागून हा आरवला. मी म्हटलं, हा तर आपला! पण घराच्या मानानं इतका जवळ कसा? मग त्याच्या पलीकडे तात्यांचा, त्याच्या पलीकडे बाकीचे, एकेक लांब लांब होत गेलेले. तेव्हा कळलं की खिंड इकडं आणि खाली जायची वाट तिकडं. रोजच्या पहाटेची रांगच ती. डोळे मिटूनसुद्धा चालत आले असते." मग ती थांबली. "आणि मध्येच एक कोंबडी ओरडत होती. माझी एकही कोंबडी असं भसाड्या आवाजात ओरडत नाही. तेव्हा ओळखलं, तुम्ही आलाय."

हैबतीनं तिचा गार पडलेला हात दोन्ही हातांत धरला. "मला तूच शिकवलंस ते," तो बसलेल्या आवाजात म्हणाला. "सोळा वर्षं शिकवत होतीस. मी ऐकत नव्हतो."

पाटील उठले. ज्याच्या आवाजावर आपली सून कड्याच्या टोकापर्यंत गेली, तो ढोल त्यांनी बाजूला ठेवला. मग डोक्यावरचं मुंडासं उतरवून ते तांबड्यासमोर वाकले, आणि मग हैबतीसमोर. हैबतीनं त्यांना मध्येच धरलं आणि कोंडाजीकडे बोट दाखवलं. "यांच्या पाया पडू आपण दोघं. यांनी आपल्याला दोनदा वाट दाखवली. वळणाचं सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही, आणि बांगेचा अर्थही यांनीच सांगितला."

"आज ऐकलंस, बस झालं," म्हातारा म्हणाला, आणि धुकं डोळ्यांत गेल्यासारखे डोळे पुसू लागला.

त्या दिवशी सातही घरांत, माणसांच्या पानात अन्न पडायच्या आधी, अंगणात मूठमूठ भात टाकला गेला. कोंबड्यांना काय कळलं असेल ते असो. कोंबडे मात्र टुक टुक करत दाणे उचलून टाकत होते आणि आपल्या कोंबड्यांना बोलावत होते, जसं काही विशेष घडलंच नाही.

दिवाळी आली. हैबतीच्या कामट्या सुटल्या. पाय थोडा आखूड राहिला, आणि घाट उतरायचा त्याचा धंदा संपला. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मग वाडीनं मिळून खिंडीच्या तोंडाशी त्याला एक झोपडी बांधून दिली. ढग उतरायची चिन्हं दिसली की हैबती काठी टेकत तिथं जाऊन बसायचा. भिवरा येताना भाकरी आणायची, तांबडा तिच्या कमरेवर बसून यायचा. पुढं तांबडा म्हातारा झाला, तेव्हा त्याचा मुलगा यायला लागला, मग त्याचा मुलगा. त्या आवाजावर किती वाटसरू पठार पार करून सुखरूप खाली उतरले, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. उतरलेला प्रत्येक जण झोपडीपाशी थांबायचा आणि हैबतीला हात जोडायचा. हैबती म्हणायचा, "मला नको. त्याला जोडा, आणि हिला जोडा."

त्या डोंगराला पुढं नाव पडलं. लोक त्याला 'ओ देणारा डोंगर' म्हणू लागले.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ही गोष्ट एवढंच सांगते: जी हाक आपल्याला घरी आणते, तिचे उपकार मानावेत, मग ती कुणाच्याही गळ्यातून आलेली असो.